वाकवलेले चार कोपरे

महागावच्या झेरॉक्सच्या दुकानात दर रविवारी दुपारी आम्ही चार-पाच जण पत्ते खेळतो. रमी नव्हे. या खेळात प्रत्येकाने आपले चाळीस पत्ते स्वतः निवडून, प्लास्टिकच्या पाकिटांत घालून घरून आणायचे असतात. त्याला डेक म्हणतात. माझा डेक किल्ला आणि शिपायांचा. मी तहसीलमधून निवृत्त झाल्यावर मुलाने पुण्याहून आणून दिला.

फुलसावंगीकडच्या तांड्यावरून एक शेतकरी यायचा, चाळिशीतला. त्याचा डेक निव्वळ भुतांचा. हातात आलेलं सगळ्यात ताकदीचं भूत तो पहिल्याच पाळीला फेकून द्यायचा. जन्मभर रमी खेळलेल्या माणसाला यातून एकच समजतं. चांगलं पान फेकणारा एक तर मूर्ख असतो, नाहीतर पुढे काय येणार हे त्याला माहीत असतं. तो मूर्ख नव्हता. तिसऱ्या-चौथ्या पाळीला त्याच्या हाती मांत्रिक यायचाच, आणि मांत्रिक ते फेकलेलं भूत फुकटात उठवायचा. माझे शिपाई तोवर भिंतच बांधत असायचे.

"काहो, दरवेळी बरोबर कसा येतो तुमचा मांत्रिक?" मी एकदा विचारलंच.

"बोलावलं का येते, काकाजी. तुमचे शिपाई काहून येऊन नाही राह्यले? पगार थकला काय?"

सगळे हसले. मी हसलो नाही.

त्यानंतर मी खेळापेक्षा त्याचा अंगठाच पाहू लागलो. पिसताना तो खालचं पान वर घेतो का, बाहीत काही आहे का. काही सापडेना. एका रविवारी फोन आला म्हणून तो बाहेर गेला. डेक टेबलावरच होता. बाकीचे चहा घेत होते. मी त्यातले चारही मांत्रिक शोधले आणि त्यांच्या पाकिटांचे कोपरे नखाने वाकवले. आता मांत्रिक कुठून निघतो ते मला दिसणार होतं.

दिसलं. कधी वरून निघाला, कधी मधून, एकदा चारही तळाशी अडकले आणि तो हरला. युक्ती साधी होती. दोन उचला, एक टाका, असे पत्ते त्याने डेकमध्ये भरपूर ठेवले होते. तिसऱ्या पाळीपर्यंत निम्मा डेक त्याच्या हातून जायचा, मग चारातला एक मांत्रिक येणारच. फेकलेले पत्ते टेबलावर उघडे असायचे. मी ते कधी वाचलेच नव्हते.

एवढं कळूनही संशय गेला नाही. तहसीलमध्ये तांड्यावरून आलेला प्रत्येक कागद मी उजेडात धरून बघायचो. शहरातल्या वकिलाचा तसाच ठेवून घ्यायचो.

यवतमाळला जिल्ह्याचे सामने झाले. जिंकणारा नागपूरला जाणार होता. शेवटचा डाव आमच्या दोघांचा. बसण्याआधी मी आयोजकाच्या कानाशी लागलो, "यांचे पत्ते एकदा तपासा." काय सापडेल ते मी विसरलो होतो, असं दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो.

चार वाकलेली पाकिटं निघाली. चारही मांत्रिक.

"हे मी नाही केलं जी," तो म्हणाला. एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. माझ्याकडेही बघितलं. मी चष्मा पुसत होतो.

त्याला काढलं. नागपूरला मी गेलो आणि पहिल्याच डावात हरलो. तो दुकानात यायचा बंद झाला. रविवारी त्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचं, "तो चोट्टा?" आणि मी पत्ते वाटायला लागायचो.

गेल्या महिन्यात तांड्यावर गेलो होतो. अंगणात तो फवारणीचा पंप दुरुस्त करत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्याने पंप खाली ठेवला नाही.

"मी चोर नाही, हे मले माहीतच होतं, काकाजी. मले सांगून काय होते? जिथं मले काढलं, तिथं सांगा."

दुकानात मी सर्वांसमोर सांगितलं. यवतमाळला आलेले सगळे एकत्र भेटणार नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. कोपरे मी वाकवले होते.

परवाच्या रविवारी तो आला. बसण्याआधी त्याने माझा डेक ओढून घेतला आणि एकेक पाकीट दाराच्या उजेडात धरून, चारही कोपरे बोटाने चाचपून पाहिले. चाळीसच्या चाळीस. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

"पिसा," तो म्हणाला.