नैवेद्याआधीची चव

मी पंचावन्न वर्षांची असताना आमच्या ऑफिसनं मला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. पंचावन्न म्हणजे काही कोवळं वय नव्हे, असं तुम्ही म्हणाल. पण मूर्खपणा करायला ते पुरतं, हे मी स्वतः करून पाहिलंय.

थंडगार हॉल होता, बाहेर नागपूरचा मार्च तापत होता. समोर एक टायवाले साहेब सांगत होते की जगातल्या कोणत्याही कामाचे तुकडे करता येतात. प्रत्येक तुकड्याचा एक चौकोन काढायचा, त्यात करणाऱ्याचं नाव लिहायचं, एका चौकोनातून दुसऱ्यात बाण न्यायचा आणि मध्ये तपासणी ठेवायची. मग पूल असो की धरण, काम वेळेवर होणारच. आमच्या खात्याचं एकही काम कधी वेळेवर झालेलं नव्हतं, हे मला त्या गारव्यात आठवलंच नाही. मी तीन दिवस जांभई न देता लिहून घेतलं. शेवटी सर्टिफिकेट मिळालं. ते मी फ्रेम करून देवघराच्या वर लावलं. देव खाली, मी वर.

आता असं ज्ञान घेऊन बाई गप्प बसेल का? पंधरा दिवसांवर हनुमानजयंती होती. आमच्या कॉलनीच्या मारुतीच्या देवळात दरवर्षी भंडारा होतो आणि तो कसा होतो ते कोणालाच माहीत नसतं. कोणी कोहळं आणतं, कोणी बेसन आणतं, स्वयंपाकी महाराज कळमेश्वरकडून भांडी घेऊन येतात आणि संध्याकाळी पंगती बसतात. मला हे बघवेना. मी महिला मंडळाची मीटिंग बोलावली आणि जाहीर केलं की यंदाचा भंडारा हा प्रोजेक्ट आहे.

मीटिंग उभ्यानं घ्यायची, म्हणजे लवकर संपते, असं टायवाल्या साहेबांनी सांगितलं होतं. मी देवळाच्या ओट्यावर अकरा बायांना उभं केलं. त्यांतल्या आठजणींचे गुडघे दुखत होते. माझ्या शेजारीण बाईंनी दोन मिनिटं सहन केलं, मग म्हणाल्या, "उभं काहून ठेवून राहिली वं आम्हाले? पाढे पाठ नाही झाले का आमचे?" आणि त्या बसल्या. त्यांच्यामागून सगळ्या बसल्या, कोणीतरी चिवड्याचा डबा उघडला. शेवटपर्यंत उभी होते ती मी एकटी, हातात स्केचपेन घेऊन.

तक्ता मात्र मी झोकात केला. जुन्या कॅलेंडरचे चार कागद उलटे चिकटवले. चौकोनांत नावांऐवजी घर नंबर लिहिले, म्हणजे रुसवेफुगवे नकोत. कोहळं चिरणं, घर नंबर तीन. पत्रावळी, घर नंबर बारा. एक रकाना संकटांचा होता, त्यासमोर उपायांचा. संकट: वीज जाणे. उपाय: कंदील. संकट: माकडं येणे. याचा उपाय मात्र रिकामाच राहिला. हनुमानजयंतीला माकडाला हाकलायला कोणाचा हात उचलणार? आणि सगळ्यांत शेवटी, दुहेरी रेघेत, माझा चौकोन होता. 'चव तपासणी व सही.' त्या सहीशिवाय स्वयंपाकातून एक घासही बाहेर निघणार नाही, असं मी महाराजांना बजावलं. महाराज सरळ माणूस. म्हणाले, बरं ताई.

सगळं लिहून झालं तेव्हा घर नंबर सातच्या आत्याबाई पुढं आल्या. त्या कॉलनीभर सगळ्यांच्या आत्याबाई. ऐंशीच्या घरातल्या, नऊवारी लुगडं, कमरेला पानाची चंची. मुलगा पुण्याला, घरात त्या आणि टीव्ही. वर्षभर त्यांना कोणी काही विचारत नसे. पण भंडाऱ्याच्या दिवशी त्या कढईजवळ खुर्ची टाकून बसायच्या. नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न चाखायचं नसतं, म्हणून महाराज झाकण काढायचे, वाफ वर यायची आणि आत्याबाई डोळे मिटून वास घ्यायच्या. मीठ कमी की बरोबर, ते त्या नाकानं सांगायच्या. अख्खी कॉलनी तेवढी दोन मिनिटं त्यांच्या नाकाकडे बघत असायची. वर्षातला त्यांचा सण तो तेवढाच.

त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "माह्यं काय आहे याच्यात?"

आणि मी, सर्टिफिकेटवाली, काय म्हणाले असेन? म्हणाले, आत्याबाई, तुम्ही यंदा आराम करा. वास घेणं हे काही काम नाही ना, त्याचा चौकोन होत नाही.

त्यांनी चंची सावरली आणि घरी गेल्या. मला वाटलं, किती समजूतदार बाई आहेत.

हनुमानजयंतीला सगळं तक्त्याबरहुकूम झालं. खरंच झालं! कोहळं वेळेवर चिरलं गेलं, बुंदी पाडून झाली, कढी उकळली. सहाला पंगती बसल्या. मी नवी साडी नेसून तक्त्यासमोर उभी राहून चौकोनांवर बरोबरच्या खुणा करत होते. फुगडी घालायची तेवढी राहिली होती.

मग मी तपासणीला निघाले. एका हातात स्टीलचा चमचा, दुसऱ्या हातात पेन. महाराजांनी झाकण काढलं. मी चमचाभर कढी घेतली, फुंकली, तोंडाजवळ नेली, तोच महाराज हळूच म्हणाले, "ताई, नैवेद्य व्हायचा आहे अजून."

चमचा ओठांपासून बोटभर लांब थांबला. मी म्हणाले, मग आधी नैवेद्य वाढा. महाराज म्हणाले, तुमची सही कुठे झाली? तुम्हीच म्हणाल्या, सहीशिवाय घास निघणार नाही. मी म्हणाले, चव घेतल्याशिवाय सही कशी करू? ते म्हणाले, नैवेद्याशिवाय चव कशी घ्याल? तेवढ्यात पुजारीबुवा निरांजन लावून विचारायला आले की नैवेद्याशिवाय आरती कशी करू. पंगतीतून निरोप आला की आरतीशिवाय जेवणं कशी सुरू करायची. माझे सगळे बाण फिरून फिरून माझ्याच चमच्यापाशी येत होते आणि चमच्यातली कढी गार होत होती.

मी हुशारीनं पेन उघडलं. न चाखताच सही ठोकायची, ऑफिसात आयुष्यभर तेच तर केलं होतं. पण महाराजांनी झाकण परत ठेवलं. म्हणाले, सही तुम्ही करा, पण मीठ कोण सांगेल? अळणी नैवेद्य मी देवापुढं धाडत नाही. "आत्याबाई काहून नाही आल्या यंदा?"

अकराच्या अकरा बायांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारीण बाईंनी तर कंबरेवर हात ठेवून पाहिलं.

मी पळाले. नव्या साडीत, चमचा आणि पेन घेऊन, पंगतींच्या मधून. माझ्यामागे दोन माकडंही काही अंतर पळाली, चमच्याच्या आशेनं.

घर नंबर सातच्या ओसरीवर आत्याबाई बसल्या होत्या. जरीकाठाचं लुगडं, तोंडाला पावडर, केसांत मोगरा. चार वाजतापासून तशाच बसल्या होत्या, हे मला नंतर कळलं. मी धापा टाकत म्हणाले, चला, कढई थांबली आहे.

"माह्या घराचा नंबर नाही तुह्या कागदावर. मी काहून येऊ?"

मी चुकले म्हणाले. पाया पडले. त्यांनी आशीर्वाद दिला, पण उठल्या नाहीत.

"आधी कागद आण."

मी परत पळाले. तक्ता भिंतीवरून ओरबाडला, गुंडाळून काखेत मारला आणि पुन्हा सात नंबरला. त्यांच्या पायाशी ओसरीवर पसरला. भट्टी आणि नैवेद्य यांच्या मध्ये चौकोन काढला, आत लिहिलं, 'वास, घर नंबर सात.'

त्यांनी वाकून पाहिलं. "मोठा कर. बुंदीचा केवढा मोठा काढला आहे तू."

बुंदीपेक्षा मोठा केला. मग त्यांनी माझ्या दुहेरी रेघेतल्या चौकोनावर बोट ठेवलं. आणि ते तिथंच ठेवलं. मी तो खोडला. तेव्हा कुठे त्या चंची घेऊन उठल्या.

पंगतीतल्या माणसांनी पाय आखडून वाट दिली. खुर्ची मांडली गेली. महाराजांनी एकेक झाकण काढलं. आत्याबाईंनी वाफेत तोंड धरलं, डोळे मिटले, अर्धवट उघडले आणि निकाल दिला: भाजी बरोबर, भात बरोबर, कढीत मूठभर मीठ. नैवेद्य निघाला, आरती झाली, एका माकडानं बुंदीची परात गाठली आणि सगळे त्याला हात जोडून उभे राहिले.

वाढणाऱ्या बायांची पंगत शेवटी बसली. आत्याबाईंनी मला शेजारी बसवून घेतलं. कढी खरोखर झकास होती. मी त्यांच्या नाकाची तारीफ केली, तर त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"मले चार वर्षांपासून कशाचाच वास येत नाही वं."

मी हळूच विचारलं, मग मीठ कसं कळलं?

"महाराजाचं तोंड पाहते मी. मीठ बरोबर पडलं असलं का तो माह्याकडे पाहते. शंका असली का भांड्यातच पाहत राहते." पत्रावळीवरची बुंदी माझ्याकडे सरकवून त्या म्हणाल्या, "सांगशील कोणाले, तर पुढच्या साली तुह्या तोंडाकडे पाहीन, मंग मिठाचं तू पाहून घेजो."

मी कोणाला सांगितलं नाही. त्यापुढची सहा वर्षं तक्ता मी केला आणि बुंदीपेक्षा मोठा चौकोन आधी काढला. मग एका वर्षी आत्याबाई नव्हत्या आणि कढईजवळची खुर्ची कोणीतरी माझ्या मागे आणून ठेवली.

आता तक्ता माझी नात करते, मोबाईलवर. चौकोन रंग बदलतात, सगळ्यांच्या फोनवर घंटी वाजते. तिनंही मला उभ्यानं मीटिंग घ्यायला सांगून पाहिलं, मी तिला चिवडा दिला. तिच्या यादीत एक ओळ आहे: 'वास, आजी.' माझ्या नाकाची चौकशी कृपया करू नये.

गेल्या हनुमानजयंतीला मात्र घात झाला. जुने महाराज थकले, नवे आले, चाळिशीतले, वाफेचा त्रास होतो म्हणून डोळ्यांवर काळा चष्मा. झाकण निघालं, मी वाफेत तोंड धरलं, डोळे अर्धवट उघडले, तर समोर दोन काळ्या काचा. माणूस कुठे बघतोय, काही पत्ता नाही. पंगती बसलेल्या, पुजारी तयार, कॉलनी माझ्या नाकाकडे बघते आहे.

मी म्हणाले, "बेटा, चष्मा काढ. नैवेद्याच्या भांड्यापुढं चालत नाही."

त्यानं कान पकडून चष्मा काढला आणि लगेच भाजीच्या भांड्यात पाहायला लागला. भाजीत मूठभर मीठ, मी सांगितलं.

नात मागून म्हणाली, हा नियम कुठला, आजी? मी म्हणाले, जुना आहे. तिनं लगेच फोन काढला आणि 'वास' या चौकोनाच्या आधी आणखी एक चौकोन घातला: 'महाराजांनी चष्मा काढणे.' त्याला बाणही दिला. यंदा आठ दिवस आधीपासून त्याची घंटी सगळ्या कॉलनीच्या फोनवर वाजत होती.