एकवीस अंगठे

सगळ्या म्हाताऱ्यांसमोर साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, "अंगठे हिनंच घेतले तुमचे. मला काय विचारता? हिला विचारा."

दारात ट्रक उभा. एकवीस जणांची गाठोडी अंगणात. अंगठे मीच घेतले होते.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. लाखांदूरच्या वाटेवर सरकारी वृद्धाश्रम होता. तिथे मी आया. आठ वर्षं त्या लोकांचं हगणं-मुतणं काढलं, वेण्या घातल्या, पेज भरवली. आश्रमावरचे साहेब महिन्यातून एकदा यायचे. माझ्या हातचं पाणी पीत नसत. त्यांची खुर्ची पुसायची मी. हाक नेहमी 'ए'.

ट्रकच्या आठवडाभर आधी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "बसा बाई."

बसा. बाई. मी खुर्चीच्या कडेला टेकले. त्यांनी सांगितलं, थंडीची ब्लँकेटं मंजूर झालीत, प्रत्येकाचा अंगठा हवा, तुमचं ते ऐकतात. कागद टाइप केलेला होता. मी चौथी पास. मला वाचता येत होतं. वाचला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मान मिळाला होता. शंका घेऊन तो कसा घालवू?

सखूबाई आंधळी होती. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात, चिखलाच्या बांधीत धानाची रोवणी केलेली. तिचा अंगठा मी माझ्या हातानं शाईत बुडवला. तिनं विचारलं, "कायचा कागद होय वं?"

मी म्हटलं, "ब्लँकेटचा."

कागदावर लिहिलं होतं, आम्ही राजीखुशीनं नातेवाइकांकडे जात आहोत. ट्रक आला तेव्हा हे कळलं. आश्रम बंद. त्या इमारतीत साहेबलोकांचं विश्रामगृह होणार होतं. मी म्हटलं, साहेब, तुम्ही ब्लँकेट म्हणाले होते.

"ए, बाजूला हो."

सखूबाईला आसगावला उतरवून दिलं. चार दिवसांनी मी एसटीनं तिथे गेले. तिच्या पुतण्यानं दार उघडलं नव्हतं. ती तळ्याच्या पाळीवर झाडाखाली बसलेली. मी म्हटलं, माझ्या घरी चल. तिनं आवाज ओळखला. मी धरलेला हात तिनं सोडवून घेतला.

"सरकारचा भरोसा मले कधीच नोहोता. तुया होता. तू जाय."

नाही आली. पंधरवड्यात गेली. मला कळलं तेव्हा माती होऊन गेली होती.

पुढे कोणीतरी वर अर्ज केला. चौकशी लागली. साहेबांचा निरोप आला, सगळे खुशीनं गेले एवढंच सांग, विश्रामगृहात तुझी नोकरी पक्की. नवरा नव्हता. घरात दोन लेकरं. मी रात्रभर विचार केला असं सांगणार नाही. विचार आसगावलाच झाला होता.

चौकशीच्या साहेबासमोर मी उभी राहिले. म्हटलं, "अंगठे मीच घेतले. खोटं सांगून घेतले. ते खोटं साहेबानं मले सांगतलं होतं. लिवा."

पहिली दोन वाक्यं त्यानं भराभर लिहिली. तिसऱ्याला पेन थांबला. म्हणाला, इथे सही कर.

मी कागद वाचला. म्हटलं, "तिसरं लिवल्याशिवाय सही करत नाही."

नाही केली. नोकरी गेली. साहेबांना बढती मिळाली.

आता मी मजुरीनं रोवणीला जाते. ते तिसरं वाक्य तुमसरच्या बाजारात बोलते, एसटीत बोलते, साहेबाचं नाव घेऊन बोलते. लोक म्हणतात, सोड आता. माफी मला कोणाकडून नको, ती देणारी मेली. माझा गुन्हा मी कबूल केला. साहेबांचा लिहून घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.