मुठीतलं काडतूस

नंदुरबारचे ते बंदूक दुरुस्त करणारे चाचा आधी नळीत फुंकर मारत, तिचा आवाज ऐकत आणि मगच बोलत. मला शिकारीसाठी गोळ्या आपोआप भरणारी विलायती रायफल घ्यायची होती. कोणत्या बोरची, म्हणजे किती रुंद नळीची, तेवढंच विचारायला कॅटलॉग घेऊन गेलो. चाचांनी माझ्या मुठीत एक जाड काडतूस ठेवलं.

"भाऊ, तोरणमाळले जाई या. पहिले जनावर दखा, बोर मंग ठरावू."

मी चिडूनच गेलो. तिथल्या तळ्यावर धुक्यातून सांबर आलं, पाणी प्यालं आणि माझ्याकडे बघत राहिलं. किती वेळ, कुणास ठाऊक.

परतलो तरी मूठ सुटली नव्हती. चाचांनी काडतूस घेऊन गालाला लावलं. ते माझ्या मुठीनं गरम झालं होतं. त्यांनी माझा कॅटलॉग मिटला आणि चहा मागवला.