मुन्सिफभाईंचा तालुका

मुन्सिफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा बहारीनला, सीफ भागातल्या आमच्या ऑफिसात मी दोघांसाठी चहा ओतत होतो. इथल्याच रिफा शहरात, राहत्या घरी, पहाटे झोपेतच गेले... दुसऱ्या कपाचं काय करावं सुचेना, म्हणून तो त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

आमच्या बांधकाम कंपनीत ते नकाशे काढायचे, मी व्हिसाची कामं बघतो. पहिल्या दिवशी त्यांनी "ट्युनिशिया" एवढंच सांगितलं. आता दापोलीकडचा माणूस एवढ्यावर गप्प बसतो होय? मोडक्यातोडक्या अरबीत मी जिल्हा विचारला, तालुका विचारला, मग गाव. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "बहारीनला आल्यापासून हे मला कुणी विचारलंच नव्हतं." जिल्हा सिलियाना, तालुका मक्तार, डोंगरातलं गाव ऐन सफ्साफ. तेव्हापासून रोज चहाला मी विचारायचो, "काय म्हणतो तालुका?" आणि ते तिथली गाऱ्हाणी सांगायचे. त्यांच्या तालुक्याच्या साहेबांना मी कधी पाहिलं नाही, आमच्या तहसीलदाराला त्यांनी नाही. पण दोघांना आम्ही मनसोक्त नावं ठेवली.

गाऱ्हाणं खरं एकच, रस्ता. तिकडे ग्रामपंचायती नसतात, आणि गाव कुठल्याच नगरपालिकेत नव्हतं. पावसात डोंगराची माती खाली आली की वाट बंद. आईची कबर तिथे, आपणही तिच्याशेजारीच निजायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. मग सरकारने हद्दी वाढवल्या आणि गाव नगरपालिकेत आलं. नगरपालिकेच्या निवडणुकीत मत द्यायला हा माणूस लीव्ह टाकून गेला, शाई लागलेलं बोट ऑफिसभर मिरवत परत आला. आता रस्ता होणार, इंशाल्ला, हे ज्याला-त्याला ऐकवायचे. तुम्हीच उभे राहा, प्रचाराला मी येतो, असं मी चिडवायचो. पुढे काही वर्षांनी सरकारने त्या निवडून आलेल्या नगरपालिकाच बरखास्त केल्या. त्या दिवशी कप न उचलता ते एवढंच म्हणाले, "खलास." रस्ता काही झाला नव्हता.

ते गेले त्या आठवड्यात तिकडे पाऊस लागला होता. भावाने फोनवर रडत सांगितलं, वाट बंद आहे, कधी उघडेल ठाऊक नाही, मय्यत ताटकळत ठेवू नका. म्हणून इथेच, बहारीनच्या रेतीत दफन केलं. मला फार राग आला होता, कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. माती देताना शेजारच्या एकाने हळूच विचारलं, कुठले होते? आमच्यातला कुणीतरी म्हणाला, ट्युनिशियाचे. मला राहवलं नाही. "गाव ऐन सफ्साफ, तालुका मक्तार, जिल्हा सिलियाना," मी म्हणालो, आणि मग मला रडू आवरेना.

परवा त्यांच्या टेबलावर नवीन माणूस आला. चहा मीच नेऊन दिला, कुठले म्हणून विचारलं. "मोरोक्को," तो म्हणाला. पुढचा प्रश्न अगदी ओठांवर आला होता...

"साखर किती?" मी विचारलं.