मल्हारी भावजींचा चौथा बार

मी बोलते तसंच लिही गं, शाळंतलं काय घालू नगंस.

मल्हारी म्हंजी तुझ्या आज्याचा चुलतभाऊ. मी त्यांना भावजी म्हनायची. केंदूरच्या शिवारात त्यांच्यासारका सुरुंग भरणारा दुसरा नव्हता. डाव्या हाताची दोन बोटं सुरुंगातच गेल्याली, तरी तंबाकू त्याच हातानं मळायचं. म्हनायचं, उरल्याली तिघं जास्त राबत्यात.

बहात्तरचा दुष्काळ सरला, पन त्येचं भ्या सरलं न्हाई. जो तो हीर खोल करत व्हता. आमचीबी चालल्याली. भावजी खडकाला भोकं पाडून सुरुंग भरायचं, वाती पेटवून वर यायचं, आन् आमी समदी बांधाआड बसायचो. मग भावजी डोळं मिटून बार मोजायचं. जेवढ्या वाती पेटवल्या तेवढं बार वाजलं पायजेत. एक जरी कमी वाजला, तर त्या दिशी हिरीत कुणी उतरायचं न्हाई. आन् समदं वाजलं तरीबी बत्ती देणाऱ्यानंच आधी उतरून खडूक बघायचा, मग बाकीच्यांनी. त्यांच्या बापानं घालून दिल्याला नेम व्हता त्यो.

त्याच साली पलीकडच्या माळावर कुठल्याशा हापिसाचं सायब आलं. त्यांनी लई खोल बोर पाडलं. आपलं बोर पाणी वर काढाया आसतंय, ह्यांचं उलटंच. मशीन लावून पाणी आत दाबायचं. नदीचं पाणी टँकरनं यायचं आन् भुईत जायाचं. खालचा खडूक तपासत्यात म्हनं. आमचं म्हाळूआबा टँकरवाल्याला म्हनलं, "एवढी तहान लागलीया व्हय तुमच्या खडकाला? आमच्या म्हशीलाबी इचार की कवातरी."

तवापासनं भुई हादराया लागली. खालनं गुडूम व्हायचं, घरातली उतरंड खडखडायची. कुणाला काय वाटलं न्हाई. सगळीकडं सुरुंग चालल्यालं. शेजारच्या हिरीत उडाला आसंल म्हनायचं आन् पीठ मळायचं.

सारजा म्हंजी भावजींची धाकटी भन. भांडगावाला दिल्याली. तिकडं काम न्हाई म्हनून ती आन् तिचा नवरा संपत आमच्या हिरीवर आलं व्हतं. सारजा माझ्यासंगं यारीवर, दोरानं दगुड वर वढाया. संपत खाली. गडी गुणाचा, पन दमानं घेणं ठावं नव्हतं त्याला.

त्या दिशी भावजींनी चार वाती पेटवल्या. तीन बार लागोपाठ वाजलं. मग जरा थांबून खालनं गुडूम झालं. माझ्या पायाखालीबी जाणवलं ते. भावजींनी डोळं उघडलं, म्हनलं झालं चार. सकाळीच त्यांचा पाय दगडाखाली चेंगारला व्हता. लंगडत निघालं, तर संपत म्हनला, "बसा दादा. चार वाजल्यात न्हवं? आज मी बघतो."

भावजी बसलं.

संपतनं खाली पहार मारली आन् हिरीतनं बार उडाला.

पुढचं तुला न्हाई सांगत. सारजाच्या मुठीतला दोर मला सोडवंना, एवढंच लिही.

गाव म्हनलं, मल्हारीला मोजता आलं न्हाई, दारू ढोसली आसंल. भावजी शिवत नव्हतं कवा. सारजा संपतचं दिस झाल्यावर भांडगावाला गेली, भावाकडं न बघता. भावजी मला परत परत इचारायचं, "वहिनी, चार वाजलं न्हवं?" मी व्हय म्हनायची. मग संपतला खाल्ला त्यो कंचा, ते मलाबी उमगत नव्हतं.

मग आवस आली. आवसंला हिरीत कुणी लोखंड लावत न्हाई, समद्या शिवाराची कामं बंद. आन् भर दुपारी भुईतनं गुडूम झालं. बायका दारात आल्या. गडी एकमेकांकडं बघाया लागलं. एकाबी हिरीत माणूस न्हाई, माळावरचं मशीन तेवढं घरघरतंय.

म्हाळूआबा समद्यांना घिऊन माळावर गेलं. सायब म्हनला, पाणी दाबलं की खालचा खडूक जरा सरकतो, वाईच हलायचंच, भ्याचं कारण न्हाई. भावजींनी इचारलं, त्या दिशी दुपारी दाबत व्हता का. सायब म्हनला, आमी रोजच दाबतो. त्येला संपत कोण तेबी ठावं नव्हतं. पुढं मशीन उचलून गेलं, कुटं ते कुणी सांगितलं न्हाई.

भावजी तसंच भांडगावाला गेलं. मीबी संगं व्हते. त्यांनी समदं सांगितलं, मशीनचं, आवसंचं, सायबाचं. वाटलं व्हतं, सारजा आता गळ्यात पडून रडंल. ती चुलीपुढनं उठली न्हाई.

"भुई वाजली, दादा, मानते मी. तुझं मोजणं चुकलं न्हाई. पन आधी उतरायचं कुणी व्हतं?"

भावजी उठलं आन् वाटंला लागलं.

सुरुंग सोडला त्यांनी. दौंडाला रेल्वेच्या लायनीवर गँगमदी लागलं. दर भाऊबिजंला भांडगावाला जायाचं, सारजाबी त्यांना कवा परत लावायची न्हाई. पाट मांडायची, गरम भाकरी वाढायची, पोरांना मामाच्या पाया पडाया लावायची. ववाळायची तेवढी न्हाई.