तेवढं लिहून द्या

माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही करंगळ्यांना नखं नव्हती. त्या जागी नुसती मऊ कातडी. भुवया मात्र दाट, मोठ्या माणसासारख्या. चालायला फार उशिरा शिकला आणि सहा वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही सांगवीच्या शिवारात राहायचो, मी बारामतीला कॉलेजात जायचे. भाऊ असा का, हे सांगायला आमच्या वस्तीवर कुणालाच डॉक्टर व्हावं लागलं नव्हतं.

सगळ्यांत पक्कं निदान आत्याचं. आजोबांच्या काळापर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. कळपातला नर दोन-तीन वर्षांनी बदलायचा, नाहीतर कोकरं अधू निपजतात, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि आई म्हणजे वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी, इंदापूरकडची. आत्या म्हणायची, "मेंढरांत नर बदलत हुतो अन् माणसांत इसरलो. हिच्या रक्तातच खोट हाय." ही सोयरीक तिनंच हट्टानं जुळवली होती आणि त्याच मामाच्या घरचं रक्त तिच्याही अंगात होतं, पण ते कोण बोलणार? आई खाली मान घालून ऐकून घ्यायची. वडीलही गप्प. मला त्यांचा आत्याहून जास्त राग यायचा.

शेवटी बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथं भावाचं रक्त घेतलं आणि काही आठवड्यांनी निकालासाठी बोलावलं. आईवडिलांबरोबर मीही गेले. एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. गुणसूत्रं सगळी जागच्या जागी आहेत, दोष काही दिसत नाही, असं त्यांनी सांगितलं. वडिलांचा चेहरा उजळला, आईचा उतरला.

"समदं चांगलं हाय, मग ह्यो असा का?" आई म्हणाली. "म्हंजी माझंच कायतरी चुकलं."

बाईंनी खुर्ची पुढं ओढली. "आम्हाला दिसतं त्याहून बारीक काहीतरी बिघडलेलं असणार. नात्यातल्या लग्नामुळं काही आजार येतात, हे खरं. पण हा त्यातला वाटत नाही. कधी कधी नवाच बदल आपोआप होतो. तो आईकडूनही आलेला नसतो आणि बापाकडूनही नाही. मला तरी तसंच वाटतं."

"मग तेवढं लिवून द्या, बाई," आई म्हणाली.

बाईंनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "सापडलं असतं तर लगेच दिलं असतं. नुसतं वाटतं ते कसं लिहून देऊ?"

मला त्यांचाही राग आला. आता वाटतं, बाई खऱ्या होत्या. पुढं कित्येक वर्षांनी मी भावाचं रक्त पुन्हा तपासून घेतलं, तेव्हा ते बारीक काहीतरी सापडलं. पेशीत डीएनएचा धागा लोकरीच्या गुंड्यासारखा गुंडाळून ठेवलेला असतो. मूल घडताना तो कुठं आणि किती उलगडायचा, हे काही जनुकं सांभाळतात. भावाच्या तशाच एका जनुकात बदल होता, आणि तो आईत नव्हता, वडिलांतही नव्हता. पण त्या दिवशी यातलं काहीच आमच्या हाती नव्हतं. एसटीत आई खिडकीकडं तोंड करून रडत होती आणि भाऊ तिच्या मांडीवर झोपला होता.

घरी आलो तर आत्या अंगणात वाटच बघत बसलेली. "काय म्हनला डाक्टर?"

वडील पाय धूत होते. मान वर न करता म्हणाले, "लिवून दिलंय डाक्टरनं. हिची चूक न्हाय. कुनाचीच न्हाय."

"कागद दाव की मग."

"कागद दावायला मी काय कोर्टात उभा हाय व्हय? दिलंय म्हंजी दिलंय. पुन्यांदा ह्या घरात त्यो इषय नगं, आक्का."

आत्यानं आईकडं बघितलं. आईला खोटं बोलता यायचं नाही, हे सगळ्या भावकीला माहीत होतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि लग्नानंतर पहिल्यांदा आत्याच्या नजरेला नजर दिली.

"व्हय वन्सं, दिलाय कागद. पोरीनं वाचून दावला मला."

आत्या माझ्याकडं वळली.

"दोनदा वाचला," मी म्हणाले.