आपल्या घरात स्मॉल काही नाही

आई बहिरी झाली, हे मला भावाने फोनवर सांगितलं. तेही पपईचा भाव सांगावा इतक्या सहज. "मायले आते ऐकू येत नही. कानले मशीन लावनं पडी." दिवाळीत तर ती माझ्याशी ओट्यावर बसून हळू आवाजात अख्ख्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होती. मी दुसऱ्याच दिवशी शहाद्याहून माहेरी, सारंगखेड्याजवळच्या आमच्या गावी गेले.

भावाने नवीन बंगल्याच्या हॉलमध्ये होम थिएटर बसवलं होतं. भिंतीवर टीव्ही, त्याच्या आजूबाजूला स्पीकरचे तळहाताएवढे पाच डबे आणि सोफ्यामागच्या कोपऱ्यात धान्याच्या कोठीसारखा सबवूफर. मी पोचले तेव्हा आईची दुपारची मालिका चालू होती. कपाटातल्या कपबश्या थरथरत होत्या. पडद्यावरची सासू तोंड हलवत होती आणि कोपऱ्यातून नुसतं घुम, घुम. मला एक शब्द कळला नाही. भाऊ मात्र खूश. म्हणाला, "कशी धमक शे?"

मालिका सोडून आई स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. तिची पाठ माझ्याकडे होती. मी मुद्दाम हळूच विचारलं, "माय, चहा ठेवू का?"

"ठेव. साखर कमी टाक," ती मागे न बघता म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही बहिरी? वहिनीने मग चहा पिताना सगळं सांगितलं. आई टीव्हीसमोर दोनतीनदा "काय म्हणे? काय म्हणे?" करायला लागली, तेवढ्यावर घरात निकाल लागला. तेव्हापासून सगळे तिच्याशी ओरडून बोलतात, नाहीतर बोलतच नाहीत. पुतण्याच्या सोयरिकीचे पाहुणे आले, तेव्हा आई समोर बसलेली असताना भावाने त्यांना हळूच सांगितलं की हिच्याकडे लक्ष देऊ नका, हिला काही कळत नाही. ज्या बाईने या घराच्या सगळ्या सोयरिकी जुळवल्या, तिला नातवाच्या लग्नात कोणी एक शब्द विचारला नाही! आणि दोष कोणाचा? त्या डब्यांचा.

मी रिमोट घेतला. "वायरीसले हात नको लावजो," भाऊ म्हणाला. माझ्या घरचं असलंच यंत्र मी स्वतः जुळवलंय, हे त्याच्या खिजगणतीत नव्हतं. पडद्यावर यादी उघडली आणि मला हसावं की रडावं कळेना. पाचही डब्यांपुढे लिहिलं होतं, लार्ज.

ही खूण मानपानाची नसते. लहान डब्याला जाड आवाज पेलत नाही, म्हणून यंत्राला सांगायचं असतं की हा स्मॉल आहे. अमुक आकड्याच्या खालचा जाड आवाज सबवूफरकडे वळव, वरचा बारीक याच्याकडे राहू दे. पाटाच्या पाण्याची वाटणी करतात तशी. त्या आकड्याला क्रॉसओव्हर म्हणतात. इथे वाटणीच नव्हती. जाड आवाज डब्यांनाही सोडलेला आणि सबवूफरलाही, वर सबवूफरचा आवाज शेवटापर्यंत पिळलेला. बसवणारा माणूस लग्नाच्या डीजेच्या गाड्या बांधणारा, त्याला धमकेपलीकडे काही ठाऊक नसणार.

"त्यानी पहिले स्मॉलच करेल व्हतं," भाऊ छाती फुगवून म्हणाला. "मीच बदली टाकं. आपला घरमा धाकलं काहीच नही."

म्हणजे घरात लहान काही असू नये, डबासुद्धा! आई तेवढी लहान झालेली चालते. हे मी त्याला तोंडावर बोलले. तो रागाने शेतात निघून गेला.

मी पाचही डबे स्मॉल केले, आकडा शंभराच्या थोडा वर ठेवला आणि सबवूफरचा आवाज निम्म्याहून खाली आणला. त्याच्या पाठीवर क्रॉसओव्हरची वेगळी चावी होती, ती शेवटालाच राहू दिली, कारण वाटणी आता यंत्र करणार होतं. मग मालिका लावली. कपबश्या गप्प. पडद्यावरची सासू सुनेला टोमणा मारत होती, स्वच्छ मराठीत. स्वयंपाकघरातून आईचं हसू ऐकू आलं. ती हात पुसत आली आणि सोफ्यावर आपल्या जुन्या जागी बसली.

संध्याकाळी भाऊ परतला आणि दारातच थबकला. "धमक कोठे गयी?" म्हणत त्याने रिमोट उचलला. आईकडे न बघताच वहिनीला म्हणाला, "सकाय मायले मशीन लेवाले जानं शे."

आईने पडद्यावरून नजर काढली नाही.

"मशीन ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पाव्हणास्ले त्या दिन तू हळूच काय सांगं, ते बी माले ऐकू उनं व्हतं."